वांग्याच्या पानावरची तपकिरी अळी : एका परोपजीवी माशीच्या नावाचा आणि नकाशाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात ही माशी कुठून घुसली? प्रश्न रास्त आहे. इतिहास म्हटला की आपल्याला गडकोट, घराणी, लढाया, तह आठवतात. पण शेतातल्या किड्यालाही इतिहास असतो. त्याला नाव कुणी दिलं, ते नाव पुढे का बदललं, तो कोणकोणत्या मुलखात सापडला, त्याला उचलून कुणी कुठं नेलं आणि तिथं तो टिकला की नाही, हा सगळा इतिहासच आहे. आणि त्याचा संबंध थेट आपल्या बाजारातल्या वांग्याशी आहे.

ज्या माशीबद्दल बोलायचं आहे तिचं शास्त्रीय नाव पेडिओबियस फोव्हिओलॅटस. नाव जड आहे, माशी मात्र जेमतेम दीड मिलिमीटरची. गांधीलमाशीच्याच मोठ्या गोतावळ्यातली, पण ही माणसाला चावत नाही, डंख मारत नाही. हिचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, ती म्हणजे पानं खाणाऱ्या ढालकिड्याची अळी. त्या अळीच्या अंगात ती अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्लं अळीला आतून खातात आणि अळी मरते. अशा कीटकाला आपण परोपजीवी म्हणतो, आणि ज्याच्या अंगात तो वाढतो त्याला यजमान. आता या नात्यात 'यजमान' हा शब्द जरा क्रूरच आहे, पण रूढ झाला आहे. (हशा)

पुढं जाण्याआधी आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एकाच्या परसात वांगी लावली होती. पानांची जाळी व्हायला लागली. उलटून पाहिलं तर खाली पिवळ्या, काटेरी अळ्या. आणि त्यांच्यातच काही अळ्या तपकिरी पडलेल्या, फुगलेल्या, पानाला चिकटून राहिलेल्या. आम्ही ठरवलं, की हा काहीतरी रोग आहे, पसरायला नको. ती सगळी पानं तोडली आणि जाळली. वर फवारणीही केली. नंतर एका जाणकारांनी विचारलं, "अहो, त्या तपकिरी अळ्या तुम्ही बाटलीत ठेवून पाहिल्यात का? त्यातून काय निघालं?" आम्ही काय सांगणार? जे निघणार होतं ते आम्ही जाळून टाकलं होतं. तिथून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

आधी यजमानाची ओळख करून घेऊ. ढालकिडा म्हटला की शेतकऱ्याला तो मित्र वाटतो, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. ढालकिडे मावा खातात, पिठ्या ढेकूण खातात, खवलेकीड खातात. जैविक कीडनियंत्रणाच्या इतिहासातला पहिला मोठा विजय ढालकिड्याच्याच नावावर आहे. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा खवलेकिडीनं संपत आल्या होत्या. अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून रोडोलिया नावाचा ढालकिडा पाठवला आणि बागा वाचल्या. तेव्हापासून ढालकिडा म्हणजे शेतकऱ्याचा सोबती, ही समजूत जगभर पक्की झाली.

पण प्रत्येक घरात एखादा वेगळा निघतो, तशी या कुलातही एक शाखा शाकाहारी आहे. एपिलॅकना आणि त्याची भावंडं. आपल्याकडं याला हड्डा भुंगा म्हणतात, कुणी नुसतंच एपिलॅकना भुंगा म्हणतात. हा वांगी, बटाटा, टोमॅटो यांची पानं खातो. याचेच नातलग कारलं, दोडका यांच्यावर असतात. प्रौढ भुंगा आणि अळी दोघंही पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि शिरा ठेवतात, म्हणून पानाची जाळी होते. ओळखायची साधी खूण म्हणजे मित्र ढालकिडा चकचकीत असतो, हा मात्र मळकट दिसतो, कारण अंगावर बारीक लव असते. आणि अळीच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात.

या भुंग्याचं नाव १७७५ मध्ये डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी ठेवलं. लिनियसचे ते शिष्य. त्यांनी नावात ठिपके मोजून घातले, व्हिजिंटिऑक्टोपंक्टाटा, म्हणजे अठ्ठावीस ठिपक्यांचा. इथंच पुढच्या घोटाळ्याचं बी पडलं. कारण हे ठिपके काही सहीशिक्क्यासारखे कायमचे नसतात. प्रत्येक पंखावर सहा ठिपके पक्के, म्हणजे दोन्ही मिळून बारा. बाकीचे आठ-आठ असतातही आणि नसतातही. म्हणजे एकाच जातीचा एक भुंगा बारा ठिपक्यांचा दिसेल आणि दुसरा अठ्ठावीस ठिपक्यांचा. उलट, अठ्ठावीस ठिपक्यांचे दोन भुंगे दोन वेगळ्या जातींचे असू शकतात. जपानमध्ये तसंच आहे. दक्षिणेकडच्या उबदार भागात फॅब्रिशियसची जात, आणि उत्तरेकडच्या थंड भागात व्हिजिंटिऑक्टोमॅक्युलाटा नावाची दुसरी. दोन्ही नावांचा अर्थ जवळपास एकच, अठ्ठावीस ठिपक्यांचा. एकाच आळीत एकाच नावाचे दोन पाटील राहावेत आणि पोस्टमननं पत्र कुणाला द्यावं ते कळू नये, तशातला प्रकार.

आता माशीकडं येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात शेतीच्या किडींचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला होता. १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथं सरकारी कृषी संशोधन संस्था निघाली. लेफ्रॉय यांचं हिंदुस्थानी किडींवरचं पुस्तक १९०६ चं. पण किड्यांवर जगणाऱ्या या बारीक माश्यांना नाव देईल असा माणूस तेव्हा इथं मिळणं कठीण होतं. नमुने लंडनला किंवा वॉशिंग्टनला जायचे. आपली माशीसुद्धा अशीच वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या क्रॉफर्ड यांच्या हाती पडली आणि १९१२ मध्ये त्यांनी तिचं वर्णन छापलं. फोव्हिओलॅटस म्हणजे बारीक खळगे असलेला. प्रजातीचं नाव त्या वेळी होतं प्लुरोट्रोपिस.

इथं जरा थांबू. मराठीत आपण 'जात' आणि 'प्रजाती' हे शब्द उलटसुलट वापरतो. वर्गीकरणशास्त्रात प्रजाती हा मोठा गट, जणू आडनाव. आणि जाती हा त्यातला एक सभासद. आडनाव आधी लिहायचं, नाव नंतर. तर या माशीचं आडनाव पुढं बदललं. झालं असं, की फ्रान्सिस वॉकर यांनी १८४६ मध्ये पेडिओबियस ही प्रजाती मांडली होती. फोर्स्टर यांची प्लुरोट्रोपिस १८५६ मधली. दोन्ही एकच आहेत हे उघड झाल्यावर नियमाप्रमाणं आधीचं नाव उभं राहिलं आणि नंतरचं गेलं. त्यामुळं आज आपण लिहितो, पेडिओबियस फोव्हिओलॅटस (क्रॉफर्ड). तो कंस शोभेसाठी नाही. क्रॉफर्ड यांनी ही जात वर्णिली खरी, पण वेगळ्या प्रजातीत, एवढी बातमी त्या कंसात असते.

तुम्ही म्हणाल, नाव बदललं तर शेतकऱ्याला काय फरक पडतो? फरक पडतो तो माहिती शोधताना. १९४८ मध्ये अप्पण्णा यांनी 'करंट सायन्स'मध्ये बटाट्यावरच्या एपिलॅकना अळीच्या या परोपजीवी माशीवर टिपण लिहिलं. त्यात नाव आहे प्लुरोट्रोपिस. १९६१ मध्ये बी. एस. लाल यांनी 'इंडियन जर्नल ऑफ एंटोमॉलॉजी'मध्ये तिच्या जीवनक्रमावर लेख लिहिला. त्यात नाव आहे पेडिओबियस. तेरा वर्षांच्या अंतरानं एकाच माशीबद्दल दोन भारतीय माणसं लिहितात, आणि ज्याला नावांचा हा धागा माहीत नाही त्याला त्या दोन वेगळ्या माश्या वाटतील. त्यात आणखी भर म्हणजे अमेरिकेतले रोहवर यांनी 'एपिलॅकनी' असं नाव देऊन एक माशी वर्णिली होती. आग्नेय आशियाकडच्या लिखाणात कित्येक वर्षं तेच नाव चालू राहिलं. पुढं ठरलं, की ही तीच.

हा गुंता सोडवण्याचं मोठं काम जी. जे. केरिच यांनी लंडनमध्ये केलं. उष्ण आणि उपोष्ण प्रदेशांतल्या पेडिओबियस जातींचा त्यांचा आढावा १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या नियतकालिकात आला. वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या नावांनी आलेले नमुने एका टेबलावर, एका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहणं, हे त्या कामाचं स्वरूप. त्यात थरार नाही. पण असं काम झालं, की भारतातली नोंद, फिलिपिन्समधली नोंद, ऑस्ट्रेलियातली नोंद एका ओळीत येते. तोवर ती तीन गावांतली तीन अनोळखी माणसं असतात.

आता आपण समुद्रापलीकडं जाऊ, कारण या माशीच्या चरित्रातला सर्वांत मोठा प्रसंग तिकडं घडला.

मेक्सिकोच्या पठारावर एपिलॅकनाचाच एक भाऊ राहतो, एपिलॅकना व्हेरिव्हेस्टिस. १८५० मध्ये म्युल्सां यांनी त्याला नाव दिलं. हा वांग्यावर नाही, घेवड्यावर जगतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात तो आधीपासून माहीत होता. १९२० मध्ये तो अचानक आग्नेयेकडं, अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमजवळ सापडला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पश्चिमेकडून आलेल्या लसूणघासाच्या वाळलेल्या गाठोड्यांतून तो आला असावा, असा समज आहे. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो पूर्वेच्या राज्यांत पार कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरला. घेवड्याच्या बागा उजाड व्हायला लागल्या. पुढं सोयाबीनचं क्षेत्र वाढलं आणि तो सोयाबीनवरही बसला.

पहिला उपाय ठरलेल्या रीतीनं झाला. कीड मेक्सिकोची, तर तिचा शत्रूही मेक्सिकोतच शोधा. विसाच्या दशकात तिकडून एक परोपजीवी माशी आणून सोडली गेली. ती हिवाळा काढू शकली नाही. विषय तिथंच थंडावला.

साठच्या दशकात वेगळा विचार पुढं आला, आणि आमच्या मते आजच्या व्याख्यानाचा गाभा इथं आहे. मेक्सिकोच्या भुंग्याचा शत्रू मेक्सिकोतच असला पाहिजे असं कुठं आहे? त्याच्या भाऊबंदांचा शत्रू कुठं आहे ते पाहा. हा विचार कुणाला सुचू शकतो? भाऊबंद कोण हे ज्याला माहीत आहे त्यालाच. घेवड्यावरचा मेक्सिकन भुंगा आणि वांग्यावरचा हिंदुस्थानी भुंगा यांच्यात दोन महासागरांचं अंतर. पीक वेगळं, हवामान वेगळं. पण वर्गीकरणाच्या पुस्तकात दोघं एकाच पानावर. त्या पानामुळं अमेरिकेच्या कृषी खात्याची नजर भारताकडं वळली. १९६६ मध्ये पेडिओबियस फोव्हिओलॅटस इथून तिकडं गेली आणि १९६८ मध्ये अँगालेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या दोन परोपजीवींवरचा लेख प्रसिद्ध केला. त्यातली एक ही.

बघा, या माशीनं पिढ्यान्‌पिढ्यांत मेक्सिकन भुंगा पाहिला नव्हता. तरी तिनं त्याची अळी स्वीकारली. मादी मोठी अळी पसंत करते, तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतली. एका अळीत अनेक अंडी घालते. अळी हळूहळू सुस्तावते, तपकिरी पडते, फुगून कडक होते. तिला ममी म्हणतात. सुमारे दोन आठवड्यांत त्या कवचाला एक भोक पाडून पंधरा-वीस माश्या बाहेर पडतात. एक अळी गेली आणि तिच्या जागी पंधरा-वीस शिकारी आले, असं हे गणित.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ही माशी एपिलॅकनाच्या शाखेबाहेर जात नाही. मावा खाणाऱ्या मित्र ढालकिड्यांच्या अळ्यांना ती हात लावत नाही. म्हणजे वर्गीकरणानं आखलेली रेघ त्या माशीलाही कळते. परदेशातून शत्रूकीटक आणताना सगळ्यात मोठी भीती ही असते, की तो भलत्यालाच खाऊ लागेल. इथं ती भीती कमी होती, कारण यजमानाची शाखा स्पष्ट होती. नाव आणि नातं नीट माहीत असणं ही अशी सुरक्षिततेचीही बाब ठरते.

पण अडचण यायची ती आलीच, आणि ती पुन्हा हिवाळ्याची. मेक्सिकन भुंगा हिवाळा प्रौढ अवस्थेत काढतो. पालापाचोळ्याखाली, झुडपांच्या कडेला दडून. शेतात त्या वेळी एकही अळी नसते. आपल्या माशीला तर अळीच हवी, आणि दीर्घ झोप घेऊन महिनोन्‌महिने थांबून राहण्याची सवय तिला नाही. वांग्याच्या देशात तशी गरज पडली नव्हती. परिणाम असा, की अमेरिकेत सोडलेली प्रत्येक माशी आणि तिची सगळी संतती पहिल्या हिवाळ्यात संपते.

इथं कुणीही म्हणालं असतं, की प्रयोग फसला. मेरीलँड विद्यापीठातल्या ॲलन स्टाइनहाउर आणि सहकाऱ्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी विचार केला, मरते ना दर वर्षी? मग दर वर्षी सोडू. सोयाबीनच्या शेतालगत घेवड्याचे छोटे वाफे लवकर पेरायचे. दडून बसलेले भुंगे बाहेर आले, की सगळ्यात आधी तिथं जमतात आणि अंडी घालतात. अळ्या दिसल्या, की त्या वाफ्यात माश्या सोडायच्या. तिथं त्यांची संख्या वाढते आणि तिथून त्या शेजारच्या सोयाबीनमध्ये शिरतात. दह्याला विरजण लावतो तशीच ही युक्ती. थोडंसं घालायचं, बाकी काम आपोआप. १९७५ मध्ये या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यू जर्सी राज्याच्या कृषी खात्यानं तर ही माशी प्रयोगशाळेत वाढवून शेतकऱ्यांना देण्याचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवला.

मधल्या काळात दुसराही प्रयत्न झाला. भारतातल्या माश्या थंडीत टिकत नसतील, तर त्याच जातीच्या पण थंड मुलखातल्या माश्या आणून पाहू. म्हणून जपानमधून पेडिओबियस फोव्हिओलॅटस आणली, अमेरिकेत सोडली. १९८३ मध्ये त्यावर लेख आला. कल्पना चांगली होती. पण दर वर्षी नव्यानं सोडण्याचा शिरस्ता काही सुटला नाही.

याउलट प्रशांत महासागरातल्या सायपान बेटाची गोष्ट. तिथं फिलिपिन्सकडून आलेला एपिलॅकना वांग्याच्या कुळातल्या पिकांवर माजला होता. तिथं हीच माशी उपयोगी पडली आणि १९९३ मध्ये त्या कामाचा अहवाल प्रसिद्ध झाला. बेट उष्ण, पिकं बारमाही, अळ्या बारमाही. माशीला आणखी काय हवं?

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून नकाशाकडं पाहू. कुठल्याही यादीत या माशीचा प्रसार लिहिलेला असतो. भारत, चीन, जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया वगैरे. आणि मग अमेरिका, 'आणलेली'. नकाशावर सगळीकडं सारखाच ठिपका. पण भारतातला ठिपका म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारं घर. सायपानमधला ठिपका म्हणजे सासरी जाऊन रुळलेली मुलगी. आणि न्यू जर्सीतला ठिपका म्हणजे दर उन्हाळ्यात येणारा आणि थंडी पडली की संपणारा पाहुणा. नुसता ठिपका हा फरक सांगत नाही. त्यासाठी विचारावं लागतं, की यजमान कोण? तो कोणत्या पिकावर? वर्षाच्या कोणत्या महिन्यात त्याच्या अळ्या असतात? ही उत्तरं नसतील तर प्रसाराचा नकाशा म्हणजे नुसती गावांची यादी.

आणि यजमान कोण, हे सांगणं किती अवघड आहे ते ठिपक्यांच्या निमित्तानं पाहिलंच. इथं एका विलक्षण माणसाचं नाव घ्यायला हवं, गेरहार्ड डीके. हे कीटकशास्त्रज्ञ नव्हते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. विरळ मृदा मूलद्रव्यांच्या वर्णपटांवरचं त्यांचं काम इतकं मोठं, की त्यातली एक आकृती आजही त्यांच्या नावानं ओळखतात. आणि छंद कसला? तर ढालकिड्यांचा. १९४७ मध्ये त्यांनी आशिया, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या एपिलॅकना भुंग्यांवर ग्रंथ लिहिला, स्मिथसोनियन संस्थेनं तो छापला. आपल्याकडं कारल्यावर जो भुंगा सापडतो, हेनोसेपिलॅकना सेप्टिमा, त्याचं वर्णन डीके यांचंच. ठिपक्यांवर विसंबू नका, भुंग्याच्या जननेंद्रियांची रचना तपासा, हा मार्ग त्यांनी या गटात रुळवला. आपल्याकडं ए. पी. कपूर यांनी १९५० मध्ये याच शाखेच्या अळ्यांचा बारकाईनं अभ्यास केला. माशीच्या दृष्टीनं पाहिलं तर तोच जास्त कामाचा, कारण माशीचा संबंध अळीशी!

तरी गाडी तिथंही थांबली नाही. २००० मध्ये कोबायाशी, काताकुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की व्हिजिंटिऑक्टोपंक्टाटा म्हणून आपण ज्याला एक समजतो, त्यात दोन छुप्या जाती आहेत. डीएनए वेगळा, गुणसूत्रं वेगळी, आणि त्यांचा आपसात संकरही नीट होत नाही. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच. आता विचार करा. जुन्या शंभर कागदांवर लिहिलंय, 'माशीचा यजमान : अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगा.' त्यातला कोणता? कागद सांगत नाही. संग्रहात भुंग्याचा नमुना ठेवला असेल तर सांगता येईल. नसेल ठेवला, तर ती नोंद कायमची अर्धवट राहिली.

म्हणून आम्हाला आज आग्रहानं सांगायचं आहे ते एवढंच. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातली टाचण्या-चिठ्ठ्यांची हौस, अशी समजूत आहे. त्यामुळं या विषयाकडं तरुण मुलं फिरकत नाहीत. पण आज आपण काय पाहिलं? नातं माहीत होतं म्हणून मेक्सिकोच्या किडीवरचा इलाज भारतातल्या शेतात सापडला. शाखेची रेघ स्पष्ट होती म्हणून तो इलाज मित्रकीटकांच्या जिवावर उठला नाही. यजमानाचा ऋतुक्रम समजला म्हणून दर वर्षी मरणारी माशीसुद्धा उपयोगात आणता आली. आणि जिथं नावाचा घोळ राहिला, तिथं कष्टानं केलेल्या नोंदी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

यात आपल्यासाठी एक टोचणारी गोष्टही आहे. जी माशी तिकडं प्रयोगशाळेत, खर्च करून, मोजून वाढवतात आणि शेतकऱ्याला देतात, ती आपल्या वांग्याच्या वाफ्यात न बोलावता येते. तिला हिवाळ्याची भीती नाही, तिला कुणी आणायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. आणि आपण काय करतो? पानाला जाळी दिसली, की त्याच दिवशी पंप पाठीला लावतो. फवाऱ्यात भुंगा मरतो तशी ही माशीही मरते, आणि भुंग्यापेक्षा तीच नाजूक आहे. ज्या पानांवर तपकिरी अळ्या आहेत ती पानं म्हणजे पंधरवड्यानंतरची आपली फौज. ती आम्ही स्वतः जाळली, हे सुरुवातीला कबूल केलंच आहे. फवारणी कधीच करू नका असं आमचं म्हणणं नाही. कीड हाताबाहेर गेली तर शेतकऱ्याला पीक वाचवावंच लागतं. पण पंप उचलण्याआधी पान उलटून पाहा, पिवळ्या अळ्या किती आणि तपकिरी किती ते मोजा, आणि मग ठरवा.

शेवटी एक काम सांगतो. फार खर्चाचं नाही. वांगं, कारलं, बटाटा, कुठंही एपिलॅकनाची तपकिरी, फुगलेली अळी दिसली, तर पानाच्या तुकड्यासकट ती एका काचेच्या बाटलीत ठेवा. तोंडाला पातळ मलमलचं फडकं बांधा, भोकं मोठी नकोत, कारण माशी दीड मिलिमीटरची आहे. बाटली सावलीत ठेवा. काही दिवसांनी काळपट, चमकदार ठिपक्यांसारख्या माश्या आत फिरताना दिसतील. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा : गाव, तारीख, पीक, आणि किती माश्या निघाल्या. त्याच पिकावरचा एक प्रौढ भुंगाही जपून ठेवा, कारण यजमान कोण हे उद्या त्यावरूनच ठरेल. नाव तुम्ही लिहू नका, ते जाणकाराकडून तपासून घ्या. तपकिरी अळीतून दुसरीही माशी निघू शकते. जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागात ही बाटली घेऊन जा.

आमच्या गटानं आता हे सुरू केलं आहे. पहिल्या बाटलीत अठरा माश्या निघाल्या. आम्ही त्या तीनदा मोजल्या, कारण त्या स्थिर राहत नव्हत्या. (हशा) गावाचं नाव, तारीख, पीक लिहिलं, आणि भुंगा सोबत ठेवला. १९१२ मध्ये नाव मिळालेल्या त्या माशीच्या नकाशावर आमच्या परसाचाही एक ठिपका पडेल की नाही, ते तपासणी झाल्यावर कळेल. नाही पडला तरी हरकत नाही. ती दुसरी कुणी निघाली, तर तिचाही इतिहास कुणीतरी सांगायला हवाच.

 आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.